विश्लेषण : एका गोलसाठी ५० वर्षांची शिक्षा? ब्राझीलचे गोलरक्षक बार्बोसा यांच्याच माथी खापर का फुटले?

१६ जुलै १९५०. रिओ दी जानेरोचे माराकाना स्टेडियम, सामन्याचे ७९वे मिनिट. उरुग्वेच्या अल्सिदेस घिगियाने उजवीकडून मारलेला चेंडू ब्राझीलचा गोलरक्षक आणि जवळचा गोलपोस्ट यांच्यातील फटीतून जाळ्यात गेला. घरच्या मैदानावर, जवळपास दोन लाख प्रेक्षकांसमोर ब्राझीलने विश्वचषक गमावला. या गोलला जबाबदार कोण, हा वाद ब्राझीलमध्ये ७५ वर्षांनंतरही संपलेला नाही. त्या वादाची सर्वाधिक किंमत मोजली ती गोलरक्षक मोआसिर बार्बोसा यांनी. ते कोण होते, त्या गोलमध्ये त्यांची चूक किती होती आणि पुढे त्यांचे काय झाले, याविषयी…

मोआसिर बार्बोसा कोण होते?

बार्बोसा यांचा जन्म २७ मार्च १९२१ रोजी साओ पावलो राज्यातील कँपिनास येथे झाला. फुटबॉलची सुरुवात त्यांनी गोलरक्षक म्हणून केलीच नव्हती. साओ पावलोतील एका औषध प्रयोगशाळेच्या हौशी संघात ते आघाडीत, बगलेवर खेळायचे. पुढे गोलपोस्टमध्ये उभे राहिले आणि तिथेच रमले. १९४२ मध्ये इपिरांगा या क्लबने त्यांना घेतले. १९४५ मध्ये ते रिओच्या वास्को द गामा क्लबमध्ये दाखल झाले आणि त्यांच्या कारकीर्दीने वेग घेतला.

वास्कोचा त्या काळातील संघ ‘विजयाची एक्स्प्रेस’ म्हणून ओळखला जायचा. १९४५, १९४७ आणि १९४९ मध्ये या संघाने रिओची राज्य स्पर्धा जिंकली. १९४८ मध्ये चिलीतील सँटियागो येथे दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांची स्पर्धा झाली. आजच्या कोपा लिबर्टाडोरेसची ती पूर्वज मानली जाते. तिथे अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट संघाला वास्कोने ०-० असे रोखले आणि विजेतेपद पटकावले. रिव्हर प्लेटच्या संघात तेव्हा आल्फ्रेडो डी स्टेफानो होता. त्या सामन्यात आंखेल लाब्रुनाची पेनल्टी बार्बोसा यांनी अडवली. पुढच्याच वर्षी ब्राझीलने तब्बल २७ वर्षांनी दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद जिंकले. निर्णायक लढतीत पॅराग्वेचा ७-० असा धुव्वा उडाला. तेव्हाही गोलरक्षक बार्बोसाच होते.

ते हातमोजे घालत नसत. चेंडूचा स्पर्श बोटांना कळायला हवा, असे त्यांचे मत होते. तेव्हाचा चामड्याचा चेंडू पाणी शोषून जड व्हायचा. असे चेंडू उघड्या हातांनी अडवून बोटे अनेकदा मोडली आणि वाकडीतिकडी जुळली. थोडक्यात, १९५०च्या विश्वचषकात ब्राझीलने कुणा नवख्याला गोलपोस्टमध्ये उभे केले नव्हते. त्या वेळी ते खंडातील सर्वोत्तम गोलरक्षकांपैकी एक होते.

माराकानावर नेमके काय पणाला लागले होते?

महायुद्धामुळे १९३८ नंतर विश्वचषक झालाच नव्हता. १९५०चे यजमानपद ब्राझीलला मिळाले आणि त्यासाठी रिओत जगातील सर्वात मोठे स्टेडियम उभारले गेले. बांधकाम ऑगस्ट १९४८ मध्ये सुरू झाले आणि स्पर्धेला काही दिवस उरले असताना मैदान कसेबसे तयार झाले. नव्या ब्राझीलची ताकद जगाला दाखवण्याची ही संधी आहे, अशी देशभर भावना होती. त्यातच ते निवडणुकीचे वर्ष होते.

या स्पर्धेत भारतही असायला हवा होता, हे अनेकांना ठाऊक नसते. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात भारताला स्थान मिळाले होते. मात्र भारतीय संघ गेला नाही. अनवाणी खेळू न दिल्यामुळे माघार घेतल्याची गोष्ट आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. प्रत्यक्षात भारतीय फुटबॉल महासंघाला तेव्हा विश्वचषकापेक्षा ऑलिम्पिक मोठे वाटत होते.

या स्पर्धेत आजच्यासारखा अंतिम सामनाही नव्हता. चार गटविजेत्यांची साखळी आणि सर्वाधिक गुण मिळवणारा जगज्जेता, अशी रचना होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे चिरडले. उरुग्वेने स्पेनशी २-२ अशी बरोबरी साधली आणि स्वीडनला ३-२ असे जेमतेम हरवले. अखेरची लढत याच दोन संघांत होती आणि ब्राझीलला विश्वविजेता होण्यासाठी केवळ बरोबरी पुरेशी होती.

जल्लोष सामन्याआधीच सुरू झाला. एका वृत्तपत्राने ब्राझीलच्या खेळाडूंचे छायाचित्र जगज्जेते म्हणून छापून टाकले. रिओच्या महापौरांनी सामन्यापूर्वी मैदानावरच भाषण करून संघाला विजेता ठरवले. फिफाचे अध्यक्ष ज्युल्स रिमे यांनी ब्राझीलच्या अभिनंदनाचे भाषण पोर्तुगीज भाषेत तयार ठेवले होते. एक गोष्ट मात्र सगळे विसरले होते. दोनच महिन्यांपूर्वी, मे १९५० मध्ये, हेच दोन संघ तीन वेळा भिडले होते. त्यातील पहिला सामना उरुग्वेने ४-३ असा जिंकला होता आणि उरलेले दोन ब्राझीलने केवळ एकेका गोलच्या फरकाने. म्हणजे उरुग्वे हा सहज गिळता येईल असा घास नव्हताच.

तो गोल नेमका कसा झाला?

पूर्वार्ध ०-० असा संपला. ४७व्या मिनिटाला फ्रियासाने गोल केला आणि ब्राझील १-० ने पुढे गेले. आता उरुग्वेला दोन गोल हवे होते. कर्णधार ओबदुलिओ वारेलाने चेंडू काखेत धरला आणि इंग्लिश पंच जॉर्ज रीडर यांच्याशी हुज्जत घालत बराच वेळ काढला. हेतू एकच, प्रेक्षकांचा जोर ओसरावा.

६६व्या मिनिटाला उरुग्वेचा उजव्या बगलेवरचा आघाडीपटू घिगिया ब्राझीलच्या बिगोडेला चकवून पुढे निसटला. गोलरेषेकडे धाव घेत त्याने चेंडू मागे, मध्यभागी दिला. हुआन शियाफिनोने तो थेट जाळ्यात मारला. १-१. तरीही विश्वचषक ब्राझीलचाच होता.

१३ मिनिटांनी तोच खेळाडू, तीच बगल, तीच धाव. घिगियाने पुन्हा बिगोडेला मागे टाकले. मधल्या बचावफळीतून जुवेनाल त्याला अडवायला वेळेत पोहोचला नाही. बार्बोसा यांच्यासमोर आता दोन शक्यता होत्या. घिगिया पुन्हा चेंडू मागे देणार किंवा स्वतः मारणार.

इथे थोडी भूमिती समजून घ्यायला हवी. गोलची रुंदी ७.३२ मीटर असते. आक्रमक बगलेवरून, अरुंद कोनातून येत असेल तर त्याला स्वतःहून गोल करण्यासाठी दिसणारी जागा फारच कमी असते. जवळच्या पोस्टला चिकटून उभा राहिलेला गोलरक्षक ती जागा जवळजवळ बंद करतो. पण मग चेंडू मध्यभागी गेला तर उरलेला सगळा गोल उघडा पडतो. उलट, गोलरक्षक पासच्या अपेक्षेने एक पाऊल मध्याकडे सरकला तर पास कापता येतो, पण जवळच्या पोस्टशी फट तयार होते. दोन्ही बाजू एकाच वेळी झाकता येत नाहीत. गोलरक्षकाला एक निवडावीच लागते, तीही सेकंदाच्या आत.

बार्बोसा यांनी पास येईल असे गृहीत धरले आणि ते किंचित मध्याकडे सरकले. पहिला गोल कसा झाला होता हे पाहता तो तर्क योग्यच होता. शियाफिनो आणि इतर खेळाडू गोलसमोर धावत येतही होते. घिगियाने नेमके हे हेरले आणि जवळच्या पोस्टशेजारून सरपटता फटका मारला. बार्बोसा यांनी डावीकडे झेप घेतली. आपल्या बोटांना चेंडू लागला आणि तो बाहेर जाऊन उरुग्वेला कॉर्नर मिळाला, असेच क्षणभर त्यांना वाटले होते. ते नंतर अनेकदा सांगत की गोल झाल्याचे त्यांना डोळ्यांनी नव्हे तर कानांनी कळले. स्टेडियम एकदम शांत झाले होते.

गोल झाला तेव्हा रिमे जागेवरून उठून करंडक देण्यासाठी खाली येत होते. मैदानाशी पोहोचेपर्यंत सगळे चित्र पालटले होते. समारंभ नाही, भाषण नाही. गोंधळातच त्यांनी करंडक वारेलाच्या हाती दिला.

मग दोष कुणाचा?

पहिली बोटे बिगोडेकडे वळली. दोन्ही गोलच्या वेळी घिगिया त्यालाच चकवून गेला होता. सामन्यात वारेलाने त्याला थप्पड मारली आणि तो घाबरून गेला, अशी वदंता पसरली. दोघांनीही ती नाकारली, पण बिगोडेच्या कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. दुसरे नाव जुवेनालचे. बिगोडे मागे पडल्यावर त्याची जागा भरून काढणे हे त्याचे काम होते. दोघेही पुन्हा ब्राझीलकडून खेळले नाहीत.

प्रशिक्षक फ्लाव्हियो कोस्टा यांच्याकडे मात्र तुलनेने कमी बोटे गेली आणि हे आजही कोड्यात टाकणारे आहे. घिगियाने या स्पर्धेत उरुग्वेच्या चारही सामन्यांत गोल केला. म्हणजे धोका कुठून येणार हे सामन्याआधीच स्पष्ट होते. पहिला गोल त्याच बगलेवरून झाल्यानंतरही बिगोडेच्या मदतीला कायमचा दुसरा खेळाडू दिला गेला नाही. बरोबरी पुरेशी असताना, १-१ अशा स्थितीत, ब्राझील आक्रमणच करत राहिले. बदली खेळाडूची सोय तेव्हा नियमांतच नव्हती, पण मैदानावरच्या खेळाडूंची फेररचना करण्यास कुणाची आडकाठी नव्हती. शिवाय निर्णायक लढतीच्या तोंडावर संघाचा मुक्काम शहराबाहेरच्या शांत जागेवरून वास्कोच्या साओ जानुआरिओ स्टेडियमवर हलवला गेला. तिथे मते मागणाऱ्या पुढाऱ्यांची आणि फोटो काढून घेणाऱ्यांची रीघ लागली होती. खेळाडूंना धड विश्रांतीही मिळाली नाही.

आणखी एक साधा हिशेब आहे. आधीच्या दोन सामन्यांत १३ गोल करणाऱ्या आघाडीच्या फळीला त्या दिवशी एकच गोल करता आला. उरुग्वेचा गोलरक्षक रोके मास्पोलीने अनेक फटके अडवले. अदेमिर, झिझिन्यो, जाइर यांच्याकडून दुसरा गोल झाला असता तर घिगियाच्या फटक्याने बरोबरीच झाली असती आणि करंडक ब्राझीलकडेच राहिला असता. पण न झालेल्या गोलचे चित्र कुणाच्या डोळ्यांसमोर राहत नाही. झालेल्या गोलचे राहते आणि त्या चित्रात गोलरक्षक जमिनीवर पडलेला असतो.

बार्बोसा यांच्याबाबत हे अक्षरशः घडले. ब्राझीलमध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली ती या सामन्यानंतर दोन महिन्यांनी. स्टेडियमबाहेरच्या कोट्यवधी लोकांनी तो गोल पाहिला नव्हता, रेडिओवर ऐकला होता. नंतर त्यांच्यासमोर आली ती वृत्तपत्रांतली छायाचित्रे आणि वृत्तपटातले काही सेकंद. त्यात बिगोडे कुठे चुकला हे नीट दिसत नाही, कोस्टा तर दिसतच नाहीत. चेंडू आत आणि बार्बोसा खाली, एवढेच दिसते.

वर्णभेदाचा संबंध होता का?

होता, असे ब्राझीलमधील अनेक अभ्यासक मानतात. बार्बोसा, बिगोडे आणि जुवेनाल हे ज्यांच्यावर खापर फुटले ते तिन्ही खेळाडू कृष्णवर्णीय होते. ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीयांना सुरुवातीला जागाच नव्हती. वास्कोने १९२३ मध्ये कृष्णवर्णीय आणि कामगार वर्गातील खेळाडूंना घेऊन रिओची स्पर्धा जिंकली. त्यानंतर मोठ्या क्लबांनी वेगळी संघटना काढली आणि अशा खेळाडूंना वगळण्याची अट वास्कोला घातली. वास्कोने १९२४ मध्ये ती पत्र लिहून फेटाळली. बार्बोसा याच क्लबचे खेळाडू होते.

१९५०च्या पराभवानंतर जुना पूर्वग्रह पुन्हा वर आला. कृष्णवर्णीय खेळाडू दडपणाखाली कोसळतात, गोलरक्षणासारखी जबाबदारीची जागा त्यांना देऊ नये, असे बोलले जाऊ लागले. चित्र पूर्णपणे एकरंगी नव्हते, हेही खरे. आफ्रिकी वंशाची आई असलेल्या बाउअरचे त्याच सामन्यासाठी कौतुक झाले आणि १९५४च्या विश्वचषकात तो कर्णधार झाला. झिझिन्योची थोरवी तर कुणीच नाकारली नाही. पण गोलरक्षकाच्या जागेबाबतचा ग्रह टिकून राहिला. मधल्या काळात तुरळक अपवाद झाले, तरी विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा कृष्णवर्णीय गोलरक्षक पुन्हा दिसायला २००६ साल उजाडावे लागले. तो होता दिदा.

दोष कपड्यांनाही दिला गेला. ब्राझीलचा संघ तोवर पांढऱ्या पोशाखात खेळायचा. तो अपशकुनी ठरला. १९५३ मध्ये एका वृत्तपत्राने नव्या पोशाखासाठी स्पर्धा घेतली आणि आजची प्रसिद्ध पिवळी जर्सी जन्माला आली. ती रेखाटणारा आल्दिर श्ली हा तरुण उरुग्वेच्या सीमेजवळचा राहणारा आणि मनाने उरुग्वेचा चाहता होता. योगायोग असेही असतात.

बार्बोसा त्यानंतर खेळले का?

खेळले, आणि उत्तम खेळले. वास्कोने त्यांच्यावरचा विश्वास ढळू दिला नाही. १९५०ची राज्य स्पर्धा जानेवारी १९५१ मध्ये संपली आणि ती वास्कोने जिंकली. तीही माराकानावर, बार्बोसा गोलपोस्टमध्ये असताना. एप्रिल १९५१ मध्ये वास्कोचा संघ माँटेव्हिडिओत पेन्यारोल क्लबशी खेळला. घिगिया, शियाफिनो, वारेला हे सगळे पेन्यारोलचे खेळाडू. वास्कोने तो सामना ३-० असा जिंकला. १९५० नंतरच्या बार्बोसा यांच्या कारकीर्दीतील हा बहुधा सर्वात समाधानाचा दिवस असावा, पण त्याची आठवण आज वास्कोचे चाहते सोडले तर फारशी कुणाला नाही.

राष्ट्रीय संघाचे दार मात्र जवळपास बंद झाले. १९५३च्या दक्षिण अमेरिकन स्पर्धेत त्यांना एकच सामना मिळाला, इक्वेडोरविरुद्ध. त्याच वर्षी एका क्लब सामन्यात त्यांचा पाय मोडला आणि १९५४च्या विश्वचषकाची आशाही संपली. आपल्याकडे शारजात १९८६ मध्ये जावेद मियाँदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला तेव्हा चेतन शर्माला असेच धारेवर धरले गेले. पण पुढच्याच वर्षी त्याला विश्वचषकात हॅट्ट्रिक घेता आली. बार्बोसा यांना तशी संधी मिळाली नाही. रेसिफेचा सांता क्रूझ, मग बोनसुसेसो, पुन्हा वास्को असा प्रवास करत ते १९५८ मध्ये आणखी एकदा राज्य विजेते झाले. १९६२ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी, त्यांनी कँपो ग्रांडे क्लबकडून खेळताना निवृत्ती घेतली.

गोलपोस्ट जाळल्याची गोष्ट खरी का?

तेव्हाचे फुटबॉलपटू आजच्यासारखे श्रीमंत नव्हते. निवृत्तीनंतर पोटासाठी बार्बोसा यांनी नोकरी धरली, तीही माराकाना संकुलातच. ज्या मैदानाने त्यांचे आयुष्य बदलले, तिथेच ते वर्षानुवर्षे रोज कामाला जात राहिले.

१९६३च्या सुमारास माराकानाचे चौकोनी लाकडी गोलपोस्ट बदलण्यात आले. जुने पोस्ट बार्बोसा यांना भेट मिळाले. त्यांनी ते घरी नेले, मित्रांना जेवायला बोलावले आणि त्या लाकडांवर मांस भाजले, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. मात्र ते पोस्ट मिनास जेराइस राज्यातील मुझांबिन्यो या गावात असल्याचा दावाही केला जातो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. लोकांना पहिली अधिक आवडते, यात नवल नाही.

दुसरा एक प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला. १९७०च्या सुमारास एका दुकानात एका बाईने त्यांना ओळखले. सोबतच्या लहान मुलाला तिने बोट दाखवून सांगितले की सगळ्या ब्राझीलला रडवणारा माणूस हाच. पराभवाला तेव्हा २० वर्षे झाली होती आणि दरम्यान ब्राझीलने विश्वचषक जिंकलेही होते.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९९३ मध्ये बार्बोसा विश्वचषक पात्रता फेरीची तयारी करणाऱ्या ब्राझील संघाला शुभेच्छा देण्यासाठी तेरेसोपोलिसच्या सराव शिबिरात गेले. त्यांना खेळाडूंना भेटू दिले नाही. पुढचा सामना नेमका उरुग्वेविरुद्ध, माराकानावर होता आणि त्यांची सावली नको, अशी त्यामागची भावना होती. संघाचे समन्वयक मारिओ झगालो होते. १९५०च्या त्या सामन्यात झगालो शिपाई म्हणून माराकानावर बंदोबस्ताला होते, म्हणजे तो गोल त्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता.

ब्राझीलच्या कायद्यात तेव्हा सर्वात मोठी शिक्षा ३० वर्षांची होती. आपण मात्र न केलेल्या गुन्ह्यासाठी त्याहून कितीतरी जास्त शिक्षा भोगतो आहोत, ही व्यथा बार्बोसा अखेरपर्यंत बोलून दाखवत. त्यांना मूलबाळ नव्हते. पत्नी क्लोतिल्दे यांच्या आजारपणात आणि निधनानंतर हाताशी पैसा उरला नाही. साओ पावलोच्या किनाऱ्यावरील प्राया ग्रांडे या गावात ते राहिले. घरभाड्याला वास्कोने मदत केली. समुद्रकिनाऱ्यावर टपरी चालवणाऱ्या एका महिलेने त्यांची वडिलांसारखी काळजी घेतली. ७ एप्रिल २००० रोजी त्यांचे निधन झाले. ७९वा वाढदिवस होऊन ११ दिवस झाले होते.

वाद आज कुठे आहे?

ब्राझीलमध्ये या गोलवर पुस्तके निघाली. पावलो पेर्दिगाओ यांच्या १९८६च्या पुस्तकात तर संपूर्ण रेडिओ समालोचन उतरवून काढले आहे. १९८८ मध्ये जोर्जे फुर्तादो आणि आना लुइझा अझेवेदो यांनी ‘बार्बोसा’ नावाचा लघुपट केला. त्यातला नायक काळात मागे जाऊन गोल रोखायला निघतो, पण त्याच्याच हाकेने बार्बोसा यांचे लक्ष विचलित होते आणि गोल होतो.

८ जुलै २०१४ रोजी, पुन्हा घरच्या विश्वचषकात, जर्मनीने ब्राझीलला ७-१ असे हरवले. आता तरी बार्बोसा यांची सुटका झाली, असे तेव्हा ब्राझीलमध्ये अनेकांनी लिहिले. त्यांना जाऊन १४ वर्षे झाली होती. त्या दिवशी माराकानावर उतरलेल्या २२ खेळाडूंपैकी शेवटपर्यंत हयात राहिला तो घिगिया. त्याचे निधन १६ जुलै २०१५ रोजी झाले, त्या गोलला बरोबर ६५ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी.